शेंदूर गेला, गेरू आला : लोखंडावरच्या लाल अस्तराची पार्श्वभूमी

फॅब्रिकेशनच्या दुकानातून खिडकीचं ग्रिल घरी येतं तेच बहुधा लाल-तपकिरी होऊन. लोखंडी फाटक असो की जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा, ‘आधी रेड ऑक्साइड मारा, मग वर हवा तो ऑइल पेंट’ ही सवय इतकी रुळली आहे की हा लाल आला कुठून, असं कुणी विचारत नाही. पण उघड्या धातूसाठी रंग निवडताना तेच विचारायला हवं. कारण मूळचा लाल आणि आजचा लाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मूळचा लाल म्हणजे शेंदूर. गावच्या मारुतीला तेलात कालवून पिढ्यानपिढ्या लावत आले तोच, शिशाचा ऑक्साइड. एकोणिसाव्या शतकात पूल आणि जहाजं लोखंडाची होऊ लागली, तेव्हा युरोपात हाच शेंदूर जवसाच्या तेलात घोटून ब्रशने लावत. तो लोखंड नुसतं झाकत नसे. तेलातली आम्लं शिशाशी मिळून साबणाच्या जातीची संयुगं बनतात आणि ती गंजण्याची क्रियाच मंदावतात. शिवाय जवसाचं तेल सावकाश वाळतं, त्यामुळे तारेच्या ब्रशने घासूनही खळग्यांत उरलेल्या गंजात ते मुरत जाई. सफाईत राहिलेली कसर शेंदराइतकी दुसऱ्या कुठल्या अस्तराने सांभाळून घेतली असेल, असं मला वाटत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचा १९३७ सालचा गोल्डन गेट पूल आपल्याला नारिंगी दिसतो, त्याच्या मुळाशीही शेंदूरच आहे. कारखान्यातून पोलाद लाल अस्तर लावून आलं, ते वास्तुरचनाकार आयर्विंग मॉरो यांच्या मनात भरलं आणि पुलाचा रंग त्याच छटेत ठरला. पुढे १९६५ पासून तिथला शिसेयुक्त रंग खरवडून जस्ताचं अस्तर द्यायला घेतलं. ते काम १९९५ पर्यंत चाललं.

शिसं विषारी, म्हणून शेंदूर मागे पडला. त्याच्या जागी जे बसलं ते रेड ऑक्साइड, म्हणजे लोहाचा ऑक्साइड. तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूच्याच जातीचं. ते स्वस्त आहे, टिकाऊ आहे, उन्हाने विटत नाही; पण लोखंडाच्या गंजाशी त्याचं काही देणंघेणं नाही. ते फक्त आडोसा धरतं. म्हणून त्यात गंज रोखणारं दुसरं काही घालावं लागतं. आपल्याकडच्या आयएस २०७४ या मानकात रेड ऑक्साइडसोबत झिंक क्रोमेट आहे ते याचसाठी. मग हे क्रोमेटही कर्करोगकारक ठरलं आणि झिंक फॉस्फेट पुढे आलं. रंग मात्र लालच राहिला. त्यामुळे नुसत्या रंगावरून डब्यातलं औषध ओळखू येत नाही. डब्यावर ‘झिंक फॉस्फेट’ लिहिलंय का, ते वाचूनच घ्यावं.

भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे जुन्या चाळींच्या गजांवर आणि कठड्यांवर त्याआधीचे थर अजून असू शकतात. त्यांवर कोरडा काचपेपर मारू नका, ओला करूनच घासा. घरात लहान मुलं असतील तर हे कळकळीने सांगतो.

जीआय पत्र्याची कथा निराळी. लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा मुलामा चढवण्याचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या अभियंत्याने १८३७ मध्ये घेतलं. पण जस्तावर तेलाचा रंग टिकेना. शिशाने धरलेला साबण लोखंडाला वाचवायचा. जस्ताने धरलेला साबण रंगाची पकडच सोडवतो. १९२०च्या दशकात अल्किड रेझिन, म्हणजे रंग बांधून ठेवणारं कृत्रिम राळेसारखं द्रव्य, आलं आणि आपला आजचा सिंथेटिक इनॅमल त्यातूनच झाला, पण त्यातही तेलाचाच अंश असल्याने दुखणं तेच राहिलं. कोकणात पडवीच्या नव्या पत्र्यावर हौसेने दिलेल्या इनॅमलचे पोपडे निघतात, तेव्हा दोष रंगाऱ्याच्या हाताला दिला जातो. बहुतेक वेळा त्याचा हात चांगला असतो, डबा चुकलेला असतो.

यावरचा तोडगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलासाठी निघाला. फॉस्फोरिक आम्ल घातलेलं पातळ अस्तर, जे धातूला किंचित खाऊन त्याला धरतं. आपल्या दुकानांत ते ‘एच (etch) प्रायमर’ किंवा ‘वॉश प्रायमर’ म्हणून मिळतं. जीआय आणि ॲल्युमिनियमला हेच द्यावं, नाहीतर त्या धातूसाठीच बनवलेलं पाण्यातलं ॲक्रिलिक अस्तर. त्यात तेल नाही, म्हणून साबणही नाही.

राहिला ब्रश. स्प्रे सर्रास आला, तरी कडा, वेल्डिंगचे सांधे आणि बोल्टच्या डोक्यांवर पहिला हात आजही ब्रशनेच देतात. कडेवरून ओला रंग मागे सरतो आणि थर तिथेच सर्वांत पातळ पडतो. गंजही पहिल्यांदा तिथेच डोकावतो.