फो बो आणि बून बो ह्वे : दोन रश्श्यांतील फरक

व्हिएतनामची गोमांसाची नूडल्स घरी करू पाहणाऱ्यांकडून ‘फो बो’ आणि ‘बून बो ह्वे’ यांची सरमिसळ वारंवार होते, कारण दोन्हींत गोमांस, तांदळाची नूडल्स आणि कित्येक तास उकळलेला रस्सा असतो. मात्र एकाच पातेल्यात चक्रीफूल आणि गवती चहा दोन्ही पडले, तर धड एकही पदार्थ साधत नाही.

फो उत्तरेकडचा, विसाव्या शतकाच्या आरंभी तो नाम दिन्ह आणि हनोई या भागांत आकाराला आला. त्याचे सारे मोल रश्श्याच्या नितळपणात आहे. त्यासाठी नळीची हाडे आधी साध्या पाण्यात दहाएक मिनिटे उकळून ते मळकट पाणी फेकून द्यावे आणि धुतलेली हाडे ताज्या पाण्यात मंद आचेवर पाच-सहा तास ठेवावीत. या काळात रस्सा नुसता थरथरत राहावा. खळखळू दिला, तर चरबी त्यात मिसळून तो गढूळ होतो आणि नंतर कितीही गाळला तरी निवळत नाही. कांदा आणि आले विस्तवावर काळे होईपर्यंत भाजून घालतात. चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि मसाला वेलची कोरडी भाजून शेवटच्या तासाभरातच घालावी, असे माझे मत आहे. चक्रीफूल फार वेळ राहिले की रश्श्याला काढ्याचा वास येतो. वाढताना चपट्या नूडल्सवर कच्च्या मांसाचे अतिशय पातळ काप पसरून वरून उकळता रस्सा ओततात.

बून बो ह्वे हा मध्य व्हिएतनाममधील ह्वे शहराचा, म्हणजे १८०२ ते १९४५ या काळातील न्गुयेन राजघराण्याच्या राजधानीचा पदार्थ. त्याचा सुगंध गवती चहाचा असतो, आणि तोही आपण चहात टाकतो त्या पात्यांचा नव्हे, तर चेचलेल्या पांढऱ्या बुडख्यांचा. सोबत डुकराच्या पायाचे मांस, मिरची, शेंद्रीच्या बियांनी लाल केलेले तेल आणि जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. ही पेस्ट पाण्यात कालवून स्थिर होऊ द्यावी आणि वरचे निवळ तेवढेच रश्श्यात ओतावे. नूडल्स गोल आणि जाड असतात, वर बारीक चिरलेले कच्चे केळफूल येते.

सोबतच्या पाल्यावरून मात्र ओळख पटवू नये. १९५४ च्या फाळणीनंतर उत्तरेकडच्या लोकांबरोबर दक्षिणेत पसरलेल्या फोसोबतही मोड आलेले मूग आणि तुळशीच्या जातीची पाने ढिगाने दिली जातात.