समान शाळा पद्धती

एका परिसरातली सगळी मुले, मग ती कोणत्याही जातीची, धर्माची किंवा आर्थिक स्तराची असोत, सरकारी खर्चाने चालणाऱ्या त्याच परिसरातल्या शाळेत फी न भरता एकत्र शिकतील, अशी शालेय शिक्षणाची रचना. भारतात तिची स्पष्ट मांडणी डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) केली. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित खासगी शाळा आयोगाने या पद्धतीत धरल्या होत्या.

आयोगाने परिसरशाळेच्या बाजूने दोन कारणे दिली. सामान्य लोकांच्या जगण्यात सहभागी होणे हा चांगल्या शिक्षणाचाच भाग आहे, म्हणून अशी शाळा संपन्न घरातल्या मुलांच्याही हिताची, हे पहिले. दुसरे अधिक व्यवहारी आहे. सधन आणि वजनदार लोकांची मुले सार्वजनिक शाळेत असतील, तर त्या शाळेकडे लक्ष देणे त्यांना भाग पडेल आणि ती लवकर सुधारेल. या पद्धतीचे मर्म इथेच आहे. छप्पर गळते, विज्ञानाचे शिक्षक वर्षभर नेमले जात नाहीत, याची तक्रार रोजंदारीवर जाणारे पालकही करतात. पण ज्यांच्या शब्दाने फाइल हलते, त्यांची मुले त्या वर्गात नसतात.

या विचाराची मुळे महाराष्ट्रात आयोगाच्या बरीच आधी सापडतात. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा आक्षेप होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. समान शाळेच्या दृष्टीने हे दुसरे पाऊल पहिल्याहून मोठे मानावे लागते.

१९६८ आणि १९८६ या दोन्ही राष्ट्रीय शिक्षण धोरणांनी समान शाळेचा उल्लेख केला, पण प्रत्यक्षात शाळाशाळांमधली उतरंड वाढतच गेली. बिहार सरकारने २००६ मध्ये मुचकुंद दुबे यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर आयोग नेमला. त्याच्याही शिफारशी अमलात आल्या नाहीत.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा (अंमल १ एप्रिल २०१०) ६ ते १४ वयोगटातल्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतो. त्याच्या कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली, तर २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळा कायद्याबाहेर ठेवल्या. महाराष्ट्रात ऑनलाइन अर्ज करताना पालक नकाशावर घराची जागा दाखवतात, सोडतीत नाव लागले तर कागदपत्रांच्या पडताळणीला जातात. प्रवेश मिळालेल्या मुलाची फी आठवीपर्यंत सरकार शाळेला देते. नववीला पूर्ण फी समोर येते आणि अनेक मुलांना शाळा बदलावी लागते. १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट देणारा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणला. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द केला.

या २५ टक्क्यांमुळे अनेक मुलांना एरवी बंद असलेले दार उघडले, हे मोलाचेच आहे. तरीही ही समान शाळा नव्हे. या तरतुदीने सोडतीत निवडलेली मुले उतरंडीत वर सरकतात, उतरंड तशीच राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणखी काही जागरूक पालक कमी होतात.

फिनलंडने मुळात रचनाच बदलली. सुमारे अकराव्या वर्षी मुलांच्या वाटा वेगळ्या करणारी जुनी पद्धत १९६८ च्या कायद्याने मोडीत काढली. सर्वांसाठीची नऊ वर्षांची शाळा १९७२ मध्ये उत्तरेकडच्या लॅपलँडपासून सुरू होऊन १९७७ मध्ये हेलसिंकीत पोहोचली. गणित आणि परकीय भाषांसाठी मुलांचे कुवतीनुसार पाडलेले गट मात्र त्या शाळेत पुढेही चालू होते. ते १९८५ मध्ये बंद झाले.