बदकाच्या चोचीत तेल ओतू नका

गोव्यात पेडणे, सत्तरीकडे घरोघरी सांगतात : बदक तोंड उघडून धापा टाकू लागलं की त्याला सर्दी झाली, चोचीत लसणीचं खोबरेल ओतायचं. हा उपाय घातक आहे. बदकाच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. ओतलेलं तेल सहज तिथून आत जातं आणि धापणारं बदक गुदमरून मरतं. मग आपण म्हणतो, सर्दीनं गेलं.

आपल्या पावसात खरा संशय घ्यावा तो बुरशीवर. ओला पेंढा, कुबट कोंडा यांत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते, तिचे कण फुफ्फुसांत आणि त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत रुततात. तिच्यावर अँटिबायोटिकही चालत नाही, त्यामुळे उरलेल्या गोळ्या देऊन काहीच साधत नाही.

डॉक्टर येईपर्यंत बदक वेगळं, कोरड्या हवेशीर जागी ठेवा. पेंढा बदला, बुरसटलेलं खाणं फेका. नाकपुड्या बुडतील एवढं खोल, स्वच्छ पाणी ठेवा. त्या बदक स्वतःच धुतं. एवढ्यानं आजार बरा होत नाही, जिवाला थोडी उसंत मिळते. अचानक दोन-चार पक्षी मेले तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, बर्ड फ्लू असू शकतो.