हवा सेल्सियसमध्ये, ताप फॅरनहाइटमध्ये

सोलापुरात मे महिन्यात पारा 42 वर गेला, असं आपण सेल्सियसमध्ये म्हणतो. त्याच घरात लेकरू तापलं की "102 आहे" हा आकडा मात्र फॅरनहाइटचा असतो. 40 सेल्सियस आणि 104 फॅरनहाइट एकच. या दोन मोजपट्ट्या एकमेकींशी सरळ का जुळत नाहीत, हे त्यांच्या जन्मातच आहे.

1708 मध्ये उपकरणं बनवणारा डॅनियल फॅरनहाइट कोपनहेगनला डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर यांना भेटला. रोमरच्या पट्टीवर बर्फ वितळण्याची खूण साडेसातवर येई. हे अपूर्णांक नकोत म्हणून फॅरनहाइटने आकडे चौपट केले आणि पुढे बर्फ 32 वर, शरीराची उष्णता 96 वर नेली. मधले अंतर 64, म्हणजे तापमापीच्या नळीवर सहा वेळा निम्मे-निम्मे केले की एकेका अंशाची खूण मिळते. कारागिराच्या हाताला ही फार सोयीची गोष्ट. 1724 च्या लेखात त्याने शून्यासाठी बर्फ, पाणी आणि नवसागराचं मिश्रण दिलं. पाण्याचा उकळबिंदू पुढे 212 वर ठरला; बर्फापासून तिथवर 180 अंश.

स्वीडनमधल्या उप्सालाचा खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सियस याने 1742 मध्ये हेच अंतर 100 भागांत वाटलं, पण उलटं: उकळतं पाणी 0, गोठतं 100. 1744 मध्ये तो गेला आणि लवकरच पट्टी सरळ झाली. सेल्सियसचं फॅरनहाइट करायचं सूत्र इथूनच येतं: 180 भागिले 100, म्हणून गुणिले 1.8; बर्फ 32 वर, म्हणून अधिक 32.

'नॉर्मल 98.6' मधला दशांशही रूपांतराचाच. जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी 1868 मध्ये सरासरी 37 सेल्सियस मांडली. 37 गुणिले 1.8 अधिक 32 म्हणजे 98.6. तो .6 पाहून आकडा फार काटेकोर वाटतो, तसा तो नाही. निरोगी माणसाचं तापमानही सकाळ-संध्याकाळ बदलतं.

'दुप्पट करून 30 मिळवा' ही युक्ती 10 अंशांवरच अचूक. आपल्या उन्हात ती फसते. 42 चे 114 येतात, खरे 107.6. त्याऐवजी दुप्पट करा, त्यातून दहावा भाग वजा करा, मग 32 मिळवा: 84, 75.6, 107.6.

हीच चूक कामातही नडते. टॉवेलचं सूत रंगवताना बाथ, म्हणजे रंगाचं पाणी, 60 सेल्सियसला हवा असेल, तर फॅरनहाइट डायलवर 140. '30 मिळवा'च्या युक्तीने 150 लावले तर बाथ साडेपाच अंश सेल्सियस जास्त तापतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक रीतीने जुळणारा रंग) मग धाग्याऐवजी पाण्याशीच जास्त जुळतो आणि छटा फिकी येते. रेसिपीत 'मिनिटाला 2 अंश सेल्सियस वाढवा' असेल, तर ती वाढ 3.6 फॅरनहाइट, 35.6 नव्हे. फरक बदलताना 32 मिळवायचे नसतात.