कॅमेऱ्याची ही फुकटातली सॉफ्टवेअरं आली कुठनं?

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिरलं तेव्हा ओळखीच्या एका स्टुडिओवाल्या काकांच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सीझनभरातल्या लग्नांची मेमरी कार्डं होती. पाणी ओसरल्यावर आम्ही ती काढली, चिखल धुतला, आठवडाभर पंख्याखाली वाळवली. बरीच गेलीच. तीन कार्डं कॉम्प्युटरला दिसत होती पण उघडत नव्हती, नुसतं फॉरमॅट करा, फॉरमॅट करा. मी फोटोरेक, म्हंजे बिघडलेल्या कार्डातनं फोटो काढणारं सॉफ्टवेअर, लावलं आणि रात्रभर चालू ठेवलं, सकाळी बघतो तर हळद, अक्षता, पाठवणी सगळं फोल्डरमध्ये येऊन बसलेलं. काकांनी पाकीट काढलं आणि विचारलं, ह्याचे किती द्यायचे आणि कुणाला? मी म्हटलं कुणालाच नाही काका, फुकट आहे ते. त्यांना काय पटेना. "असं कोण करून ठेवतंय रे, आणि कशासाठी?"

तेव्हा मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण खरं उत्तर लांबलचक आहे, ते इथं लिहितोय.

आधी मुळातली गोष्ट. डिजिटल कॅमेरा म्हंजे लेन्स लावलेला कॉम्प्युटर. आत प्रोसेसर आहे, मेमरी आहे, चक्क ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कंपनी आपल्याला त्यातला मेनूत दिसतो तेवढाच भाग देते, बाकीचं फर्मवेअर म्हणून, म्हंजे कंपनीनंच कॅमेऱ्यात भरून दिलेलं सॉफ्टवेअर म्हणून, आत बंद. थोडी सूट दिल्याचीही उदाहरणं आहेत, १९९८ च्या सुमारास कोडॅकचे डीसी २२० आणि डीसी २६० आले त्यात डिजिटा नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि तिच्यासाठी आपल्याला स्क्रिप्ट लिहिता यायची. लोकांनी त्या कॅमेऱ्यांवर डूम गेम चालवून दाखवला! पण हा प्रकार पुढं टिकला नाही, बहुतेक कंपन्यांनी दार बंदच ठेवलं. मग ज्यांना आत जायचं होतं त्यांना आपली वाट आपणच शोधावी लागली, आणि ही सगळी फुकटातली सॉफ्टवेअरं त्या वाटेवरच तयार झाली.

पहिला मोठा माणूस डेव्ह कॉफिन. १९९७ मध्ये त्यानं डीसीरॉ, म्हंजे कॅमेऱ्याच्या रॉ फाइली उघडणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलं. रॉ फाइल म्हंजे सेन्सरला जे दिसलं ते न शिजवता तसंच, सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग बघतो, चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा, आणि त्यातनं पूर्ण रंगाचा फोटो नंतर बनवावा लागतो. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी, तिचं वर्णन कुठं छापलेलं नाही, आणि ती उघडायला कंपनीचंच सॉफ्टवेअर पाहिजे जे बहुतेक वेळा फक्त विंडोज नाहीतर मॅकवर चालायचं. कॉफिननं एकेक कॅमेऱ्याच्या फाइली घेऊन, आतले आकडे बघत बघत त्यांची रचना ओळखली आणि ते सगळं सी भाषेतल्या एकाच फाइलीत लिहीत गेला. एकच फाइल, वाढत वाढत दहा हजार ओळींच्या आसपास गेली, शेकडो कॅमेरे त्यात आले. २०१८ पर्यंत तो हे करत होता, म्हंजे वीस वर्षांच्या वर, फुकट.

२००५ मध्ये एक प्रकरण झालं ते सांगण्यासारखं आहे. निकॉननं आपल्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या रॉ फाइलीतली व्हाइट बॅलन्सची माहिती एन्क्रिप्ट केली. आता फोटो कुणाचा? माझा. माझ्या फोटोत उजेड पिवळा होता का निळा होता ही माहिती मलाच कुलूप लावून देणार. फोटोशॉपवाल्या ॲडोबीकडनं सुद्धा जाहीर नाराजी आली, आणि कॉफिननं ते कुलूप उघडून डीसीरॉमध्ये घालून टाकलं. मला ह्या सगळ्या इतिहासात ही घटना फार महत्त्वाची वाटते, कारण तोपर्यंत लोक ह्याला नुसती हौस समजायचे, त्या दिवसापासून आपल्याच फोटोवरच्या हक्काची गोष्ट झाली. डीसीरॉमधनंच पुढं लिबरॉ निघालं, आणि आज कितीतरी प्रोग्रॅमांच्या पोटात तोच कोड बसलेला आहे. रॉ फोटोंवर काम करणारं रॉथेरपी घ्या, २००९ मध्ये सुरू झालेलं तसलंच डार्कटेबल घ्या, ह्या सगळ्यांच्या आधी वाट कॉफिननं पाडली. लिनक्सवाल्यांनी कॅमेरा केबलनं जोडून फोटो उतरवायला जीफोटो केलं, आणि डिजीकॅम हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर २००१ मध्ये रेंची राजू यांनी सुरू केलं तेही ह्याच काळातलं.

आता काकांच्या फोटोंकडं परत येतो कारण पुढचा धागा तिथंच आहे. फोटोरेक ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरचं. ते कार्डावरची फाइलींची यादी बघतच नाही, यादी बिघडली म्हणूनच तर कार्ड उघडत नसतं. ते पहिल्या ब्लॉकपासून शेवटपर्यंत कच्चे बाइट वाचत जातं आणि जेपेगची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ अशी दिसली की इथनं फोटो सुरू झाला म्हणून उचलतं. ह्यात फोटो मिळतात पण नावं जातात, कारण नाव त्या यादीत होतं. मग दोन हजार फोटो, सगळ्यांची नावं एफ आणि पुढं नुसते आकडे. तीन लग्नं एकमेकांत मिसळलेली.

पण फोटोच्या आत एक्झिफ असतं. १९९५ मध्ये जपानी कंपन्यांच्या संघटनेनं ठरवलेली ही पद्धत, तारीख, वेळ, शटर, ॲपर्चर सगळं फोटोच्या डोक्यावर लिहिलेलं. आणि ते वाचणारं सगळ्यात भारी अवजार म्हंजे एक्झिफटूल, कॅनडातल्या फिल हार्वी यांनी २००३ मध्ये काढलेलं, पर्ल भाषेत लिहिलेलं, आजही तेच सांभाळतात. एक्झिफमध्ये मेकरनोट म्हणून एक कप्पा असतो, त्यात प्रत्येक कंपनी आपल्याला हवं ते आपल्या लिपीत लिहिते आणि कुणाला सांगत नाही. तो कप्पा वाचायची रीत अशी: कॅमेऱ्यात एकच सेटिंग बदलायचं, फोटो काढायचा, आधीच्या फोटोशी ताडून बघायचं कुठला बाइट बदलला, लिहून ठेवायचं, परत पुढचं सेटिंग. कंटाळवाणं काम आहे, ज्यानं केलंय त्यालाच माहीत. हजारो असे बाइट ओळखलेले एक्झिफटूलमध्ये आहेत.

एवढं झालं फोटो निघाल्यानंतरचं. खुद्द कॅमेऱ्याच्या आत शिरायचा प्रकार वेगळा आणि माझ्या जास्त जवळचा.

२००३ मध्ये कॅननचा ३००डी आला, हजार डॉलरच्या आतला पहिला डीएसएलआर. सेन्सर महागड्या १०डी सारखाच, पण बरीच सोय मेनूतनं काढलेली. लोकांनी फर्मवेअर बघितलं तर ती सोय आत पडूनच होती, नुसती झाकलेली. वास्या या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका रशियन हौशी माणसानं २००४ मध्ये बदललेलं फर्मवेअर काढलं, त्यात आयएसओ ३२०० (कमी उजेडात फोटो काढायची जास्तीची संवेदनशीलता) आणि फ्लॅशची एक्स्पोजर दुरुस्ती उघडी झाली. मात्र हे फर्मवेअर कॅमेऱ्यात कायमचं बसायचं, मध्येच लाइट गेली की कॅमेरा गेला.

ती भीती सीएचडीकेनं घालवली. २००६-०७ च्या सुमाराला व्हिटालीबी आणि ग्रँड अशी टोपणनावं असलेल्या प्रोग्रॅमरांनी कॅननच्या छोट्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांसाठी हे कार्डावरनं चालणारं जोड-सॉफ्टवेअर सुरू केलं. ह्यात कॅमेऱ्याचं मूळ फर्मवेअर कुणी हलवत नाही. एसडी कार्डाच्या कडेला ते छोटं लॉकचं बटण असतं बघा, ते लॉकवर सरकवलं आणि कार्ड बूट होण्यासारखं असेल तर कॅमेरा चालू होताना कार्डावरची डिस्कबूट नावाची फाइल वाचतो आणि सीएचडीके मेमरीत चढतं, मूळ सिस्टीमच्या बाजूला बसून चालतं. बंद करून लॉक काढलं की कॅमेरा होता तसा.

पण त्यासाठी आधी आतलं फर्मवेअर हातात पाहिजे, आणि बऱ्याच मॉडेलांचं ते कंपनीनं कधी बाहेर दिलेलंच नव्हतं. तेव्हा ह्या पोरांनी काय केलं तर एक छोटा प्रोग्रॅम कॅमेऱ्यात चढवला जो फर्मवेअरचा एकेक बिट एलईडी उघडझाप करून दाखवतो. समोर प्रकाश ओळखणारा एक सेन्सर, त्याची वायर कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात, आणि ती उघडझाप आवाज म्हणून तासन्‌तास रेकॉर्ड करायची, मग त्या आवाजातनं परत बिट. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. कॅमेऱ्याला सगळीकडनं बंद केलं, तर त्याच्या दिव्याकडनंच त्याच्या पोटातलं वदवून घेतलं.

आणि हे एकदा करून भागत नाही. प्रत्येक मॉडेल वेगळं, त्यात एकाच मॉडेलच्या फर्मवेअरचे दोन-तीन प्रकार. माझा पॉवरशॉट ए५७० आयएस होता, सेकंडहँड, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, त्याचे १.००ई आणि १.०१ए असे प्रकार. आपला कुठला हे बघायला कार्डावर व्हर.रेक नावाची रिकामी फाइल ठेवायची आणि फोटो बघायच्या मोडमध्ये फंक्शन सेट दाबून डिस्प दाबायचं, स्क्रीनवर नंबर येतो. तो नंबर आला तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. कंपनीनं त्या कॅमेऱ्यात रॉ दिलंच नव्हतं, सीएचडीकेनं दिलं, १० बिटचं, एकेक फाइल साधारण ९ एमबी. शिवाय हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख), ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाचे लागोपाठ फोटो), बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेसारख्या भाषेत स्क्रिप्ट, आणि हालचाल दिसली की आपोआप फोटो. वळवाचा पाऊस यायच्या आधी रंकाळ्याच्या बाजूला आभाळ फाटल्यासारख्या विजा होतात, गच्चीवर कॅमेरा ठेवून मी ते हालचालीचं स्क्रिप्ट लावायचो, वीज चमकली की कॅमेरा स्वतःच फोटो घ्यायचा. त्याच काळात, सप्टेंबर २००९ मध्ये, एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी साधा पॉवरशॉट ए४७० सीएचडीके घालून फुग्याला बांधला आणि जवळजवळ २८ किलोमीटर उंचीवरनं पृथ्वीची गोलाई टिपली, सगळा खर्च दीडशे डॉलरच्या आत.

व्हिडिओवाल्यांचं काम मॅजिक लँटर्न या कॅननच्या मोठ्या कॅमेऱ्यांसाठीच्या तसल्याच सॉफ्टवेअरनं केलं. ट्रॅमेल हडसन यांनी २००९ मध्ये ५डी मार्क २ साठी सुरू केलं कारण त्या कॅमेऱ्यात व्हिडिओ सुंदर यायचा पण आवाजाची पातळी आपल्या हातात नव्हती. नंतर ए१एक्स या टोपणनावाच्या माणसानं आणि बाकीच्यांनी पुढं नेलं, २०१३ मध्ये ५डी मार्क ३ वर रॉ व्हिडिओ सुद्धा काढून दाखवला. आमच्या इथं लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांनी ५५०डी मध्ये हे घातलेलं मी बघितलंय, आवाजाचा मीटर आणि उजेड जास्त झाला की दिसणारे झेब्रा पट्टे, बास, एवढ्यासाठी.

हे सगळं परदेशातलं वाटेल, पण कोल्हापुरात बसून मला ते परकं वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमा काढायचं मनावर घेतलं तेव्हा कॅमेरा विकत घेण्यासारखी परिस्थितीच नव्हती. त्यांनी मुंबईतनं प्रोजेक्टर आणला, सिनेमे दाखवत दाखवत स्वतःचा कॅमेरा जुळवायची खटपट चालवली. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना बरोबर घेऊन काम तसंच पुढं रेटलं आणि १९१८ ला कॅमेरा चालता केला, १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री आला. खरी कॉर्नरला त्यांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज हजार माणसं त्याच्यावरनं जातात. बंद पेटी उघडून आतलं समजून घ्यायचं आणि आपल्याला हवं ते करायचं, हे गावाला माहीत आहे, उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा.

आता ह्या चळवळीचा जोर कमी झालाय, छोटे कॅमेरे मोबाइलनं खाल्ले. तीच हौस मोबाइलकडं गेली, २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये कॅमेऱ्याचा बराच ताबा ॲपला मिळायला लागला, मार्क हार्मन यांचं ओपन कॅमेरा आहे, आणि गूगलचा कॅमेरा दुसऱ्या कंपन्यांच्या फोनवर चालवणारे जीकॅम पोर्ट तर कॉलेजची पोरं सहज टाकून घेतात.

माझं स्वतःचं काम ह्यातलं अगदी छोटं आहे. काकांच्या त्या दोन हजार फोटोंना तारीख-वेळेवरनं नावं द्यायला मी पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला, आतनं काम एक्झिफटूलच करतं. लगेच कळलं की दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळत नव्हती, एक सात मिनिटं पुढं, त्यामुळं मंगलाष्टकाच्या आधीच अक्षता पडायला लागल्या. मग दोन्ही कॅमेऱ्यांत आलेला एकच क्षण निवडायचा, म्हंजे अंतरपाट खाली आला तो, आणि त्यावरनं फरक काढून सगळ्या फोटोंच्या वेळा सरकवायच्या अशी सोय घातली. आता राजारामपुरीतले आणि गंगावेशीतले चार-पाच स्टुडिओवाले वापरतात. पैसे घेत नाही, ज्यांच्या जिवावर ते चालतं त्यांनी माझ्याकडनं कधी घेतले नाहीत.

सध्या अडकलंय व्हिडिओत. एमपी४ मध्ये वेळ जागतिक वेळेप्रमाणं लिहायची असा नियम आहे, काही कॅमेरे तो पाळतात, काही सरळ आपली स्थानिक वेळ लिहून मोकळे होतात. त्यामुळं सकाळी साडेदहाची क्लिप पहाटे पाचच्या हळदीत जाऊन बसते, बरोबर साडेपाच तासांचा घोळ. कुठला कॅमेरा काय लिहितो हे एकेक मॉडेल हातात घेऊनच बघावं लागतंय, अकरा झाली. काकांनी परवा अजून दोन जुने कॅमेरे पाठवलेत, पुरातनं वाचलेले, एकाची बॅटरी अजून मिळायची आहे.