वॉटर्लूचा मेजावरील युद्धखेळ

वॉटर्लूचा मेजावरील युद्धखेळ : १८ जून १८१५ रोजी ब्रुसेल्सच्या दक्षिणेस झालेली वॉटर्लूची लढाई रंगवलेल्या सैनिकमूर्ती, रणभूमीची प्रतिकृती, मोजपट्टी, फासे आणि लिखित नियम यांच्या साहाय्याने पुन्हा लढण्याचा छंद. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडले की काम संपते. येथे मूर्ती मांडून झाल्यावर खरे काम सुरू होते आणि दिवसाअखेर नेपोलियन जिंकूही शकतो. नेपोलियनच्या इतर लढायाही मेजावर खेळल्या जातात. ऑस्टरलिट्स आणि बोरोदिनो या त्यांपैकी विशेष आवडीच्या आहेत, तर १८१३ सालची लाइपझिगची लढाई पाच लाखांवर सैनिकांची असल्यामुळे तिच्या एखाद्या भागापुरतेच बहुधा समाधान मानावे लागते. वॉटर्लूला मात्र या छंदात पंढरीचे स्थान आहे.

या पसंतीचे मुख्य कारण रणभूमीच्या आटोपशीरपणात आहे. नेपोलियनचे सुमारे ७३,००० फ्रेंच सैनिक, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचे सुमारे ६८,००० आणि दुपारनंतर त्याच्या मदतीला टप्प्याटप्प्याने आलेले प्रशिया या जर्मन राज्याचे सुमारे ५०,००० सैनिक एवढी माणसे जेमतेम चार-पाच किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात लढली. समोरासमोर दोन उंचवटे, मधे सखल शेते, वेलिंग्टनच्या फळीपुढे ऊगोमाँ, ला ए सेंत आणि पापलोत हे तीन तटबंद वाडे, फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर प्लांसन्वा हे खेडे, अशी ही मांडणी मेजाच्या चौकटीसाठीच बेतलेली वाटावी इतकी नेटकी आहे. शिवाय या लढाईत घड्याळ हा चौथा सेनापती आहे. प्रशियन येण्याआधी वेलिंग्टनची फळी फोडायची, एवढा एकच प्रश्न फ्रेंच खेळाडूपुढे असतो.

खेळाची पहिली अडचण हिशेबाची असते. एक मूर्ती म्हणजे २० सैनिक असे प्रमाण धरले, तर तिन्ही सैन्यांच्या मिळून साडेनऊ हजारांवर मूर्ती लागतात. एका मूर्तीला अर्धा तास आणि रोज दोन तास असे धरून एकट्याने रंगवायला बसल्यास त्याला साडेसहा वर्षे पुरणार नाहीत. मूर्तींची प्रचलित उंची २८, १५, १० किंवा ६ मिलिमीटर असते. मूर्ती लहान झाली की सैन्य सैन्यासारखे दिसू लागते, मोठी असली की माणूस माणसासारखा दिसतो. जमिनीचे प्रमाण याहून गैरसोयीचे आहे. मेजावरचा १ मिलिमीटर म्हणजे रणभूमीवरचा १ मीटर असे मानले, तर ५० मीटर लांबीच्या वाड्याला मेजावर ५ सेंटीमीटर जागा मिळते, पण २८ मिलिमीटरच्या मूर्तींना शोभेल असा तोच वाडा बांधायचा तर तो ९० सेंटीमीटरच्या आसपास जातो. त्यामुळे प्रत्येक मेजावर वाडे मूर्तींच्या मानाने ठेंगणे आणि जमिनीच्या मानाने अवाढव्य असतात. ही तडजोड सर्वांनी मनोमन मान्य केलेली असते. माणसाचा हात मेजाच्या मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे म्हणून मेजाची रुंदी सहसा १.८ मीटरपेक्षा जास्त ठेवत नाहीत. वेलिंग्टनच्या फळीमागच्या माँ-सें-झाँ या खेड्यापासून प्लांसन्वापर्यंतचा मुलूख मात्र वरील प्रमाणाने याच्या दुप्पट खोल होतो, आणि म्हणून मोठ्या खेळांत प्लांसन्वा वेगळ्या मेजावर मांडून मधे चालायला वाट ठेवतात.

रंगकामात इतिहासाचा कस लागतो. वेलिंग्टनच्या सैन्यात ब्रिटिश सुमारे एक तृतीयांशच होते. उरलेले हॅनोव्हर, ब्रुन्सविक, नासाऊ आणि नेदरलँड्स येथले होते, तेव्हा लाल डगल्यांच्या जोडीला ब्रुन्सविकचा काळा, नासाऊचा हिरवा आणि डच-बेल्जियनांचा निळा रंगही लागतो. हा निव्वळ सजावटीचा भाग नाही, कारण संध्याकाळी पापलोतच्या बाजूने आलेल्या प्रशियनांनी नासाऊच्या सैनिकांना गणवेशावरून फ्रेंच समजून त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या होत्या. आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाल्यामुळे सैनिकांच्या उंच टोप्यांवर मेणकापडाच्या खोळी होत्या. खोळ चढवली की टोपीवरचे पितळी बिल्ले आणि गोंडे झाकले जातात, आणि नेमके तेच रंगवायला हौशी माणसाचा हात शिवशिवत असतो. त्यामुळे बहुतेक मेजांवरचे सैन्य चिखलातून नव्हे, तर थेट संचलनातून आल्यासारखे झगमगते. याला सन्माननीय अपवाद जनरल पिक्टनचा. सामान वेळेवर न पोहोचल्यामुळे तो साध्या नागरी पोशाखात लढला आणि मारला गेला, म्हणून त्याची मूर्ती उंच काळ्या हॅटमध्ये करण्याची प्रथा आहे.

रणभूमीची प्रतिकृती करणाऱ्यांना आजच्या वॉटर्लूला भेट देऊन पुरेसा उपयोग होत नाही. १८२० ते १८२६ या काळात तेथे सिंहाचे शिल्प असलेली सुमारे ४० मीटर उंचीची मातीची टेकडी उभारली गेली आणि तिच्यासाठी माती काढली ती वेलिंग्टनच्या उंचवट्याचीच. ज्या उतारामागे त्याने पलटणी दडवल्या होत्या, तो बऱ्याच ठिकाणी उरलेलाच नाही. त्यामुळे मूळ चढउतारांसाठी जुन्या मोजणीकडे वळावे लागते, आणि तिथे विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याचे नाव येते. १८३० साली त्याच्याकडे लढाईची प्रतिकृती करण्याचे काम आले. त्याने ला ए सेंतच्या वाड्यात आठ महिने मुक्काम ठोकून जमीन मोजली आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडून संध्याकाळी सातच्या सुमारास कोण कुठे होते याची चौकशी केली. १८३८ साली लंडनमध्ये प्रदर्शित झालेली ही प्रतिकृती आज तेथील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे आणि तिच्यावर सुमारे ७५,००० चिमुकल्या मूर्ती आहेत. विजयातला प्रशियनांचा वाटा तिच्यात फार मोठा दिसतो, यावरून वेलिंग्टनच्या गोटातून नाराजी आली आणि पुढे सायबोर्नने बऱ्याच प्रशियन मूर्ती काढून टाकल्या. मेजावर किती प्रशियन ठेवायचे आणि कधी, हा वाद तेव्हापासून या छंदाच्या मुळाशी आहे.

खेळाची परंपरा मात्र सायबोर्नपासून आलेली नाही, ती प्रशियाच्या लष्करातून आली. बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर युद्ध खेळण्याचे प्रयोग अठराव्या शतकात जर्मन मुलखात झाले होते. राइसविट्स या प्रशियन पितापुत्रांपैकी थोरल्याने १८१२ साली प्रशियाच्या राजाला आपला युद्धखेळ दाखवला आणि त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली त्याला पक्के रूप दिले. पटाच्या जागी १:८००० प्रमाणाचा नकाशा आला, प्रत्येक फेरी दोन मिनिटांची ठरली, हानी फाशांवर मोजली जाऊ लागली आणि दोन्ही बाजूंच्या मधे पंच बसला. सरसेनाकार्यालयाचा प्रमुख म्यूफ्लिंग याने हा खेळ पाहून तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलून धरला. हाच म्यूफ्लिंग वॉटर्लूच्या दिवशी वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियनांचा दुवा म्हणून हजर होता. नंतर १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून खेळण्यातल्या शिपायांचे युद्ध घराघरांत नेले. त्यांच्या खेळात हानी मोजायला फासे नव्हते, स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखरच शिपाई पाडायचे असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन आणि अमेरिकेत या छंदाचे मंडळांत, नियतकालिकांत आणि मेळाव्यांत रूपांतर झाले. सत्तरच्या दशकात एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या स्वस्त प्लास्टिक शिपायांमुळे वॉटर्लू शाळकरी मुलांच्याही आवाक्यात आले.

प्रत्यक्ष खेळात एक फेरी म्हणजे लढाईतला पाव तास किंवा अर्धा तास मानतात. साडेअकरा ते रात्री नऊ या वेळेच्या अर्ध्या तासाप्रमाणे १९ फेऱ्या होतात, आणि खेळाडू बरेच असतील तर एकेका फेरीला तासभर लागतो. खेळण्यातली लढाई खऱ्या लढाईपेक्षा लांबते ती अशी. फेरीत हुकूम, चाल, गोळीबार, हातघाई आणि शेवटी मनोधैर्याची कसोटी असा क्रम साधारणपणे असतो. पुष्कळ नियमांत हुकूम पोहोचला की नाही हेही फाशावर ठरते, कारण घोडेस्वाराच्या हाती दिलेली चिठ्ठी वाटेत हरवणे किंवा उशिरा मिळणे ही त्या काळची रोजची बाब होती. पायदळाने फळी धरली तर बंदुका जास्त चालतात पण हालचाल मंदावते, स्तंभरचनेत वेग येतो पण मारा आटतो, आणि चौकोन केला तर घोडदळ त्याला बिलगू शकत नाही पण तोफखान्याला आयते लक्ष्य मिळते. या तिढ्यातच खेळाची सगळी गंमत आहे. फ्रेंच मार्शल नेय याने दुपारी चारनंतर हजारो घोडेस्वार पायदळाच्या साथीविना चौकोनांवर लोटले आणि एकही चौकोन फुटला नाही. मेजावर हा प्रसंग येतो तेव्हा ब्रिटिश खेळाडू मूर्तींचे तळ चारी दिशांना तोंड करून चिकटवतो, फ्रेंच खेळाडू मोजपट्टीने अंतर घेऊन फासे खुळखुळवतो, आणि बहुतेक वेळा घोडी चौकोनाला वळसा घालून, अर्ध्या मूर्ती आडव्या पाडून परत येतात. आणखी एक नियम याच लढाईने या खेळांना दिला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. फ्रेंच सेनापती देर्लाँचे पायदळ उधळून दोन गरुडध्वज हिसकावणारे ब्रिटिश जड घोडदळ थांबलेच नाही. ते थेट फ्रेंच तोफांपर्यंत दौडत गेले आणि ताज्या दमाच्या भालेकऱ्यांनी त्याची लांडगेतोड केली. म्हणून यशस्वी हल्ल्यानंतर घोडदळाला लगाम आवरता आला का, याचाही फासा टाकावा लागतो. ला ए सेंतमधल्या सुमारे ४०० जर्मन बंदूकबाजांची काडतुसे संपल्यामुळे वाडा पडला, त्यासाठी दारूगोळ्याचा वेगळा फासा असतो.

या सगळ्याहून अवघड प्रश्न खेळाडूला आधीच असलेल्या माहितीचा आहे. नेपोलियनला माहीत नव्हते ते मेजाभोवतीच्या पोरालाही माहीत असते. ऊगोमाँच्या भिंतींवर फ्रेंच सेनापती रेयचे पायदळ दिवसभर झिजले, पण आजचा फ्रेंच खेळाडू तेथे जेमतेम एक डिव्हिजन गुंतवतो. उंचवट्यामागे पलटणी आहेत हे ठाऊक असल्यामुळे तो फसत नाही, आणि पूर्वेकडच्या मेजाच्या कडेकडे त्याची नजर पहिल्या फेरीपासून लागलेली असते. खुद्द नेपोलियनला दुपारी एकच्या सुमारास त्या बाजूला हालचाल दिसली. प्रशियनांच्या पाठलागासाठी पूर्वेला वाव्रकडे पाठवलेला त्याचा मार्शल ग्रुशी आणि त्याचे सुमारे ३३,००० सैनिक वेळेवर येतील ही आशा त्याने सोडली नव्हती, आणि संध्याकाळी तर सैन्याचा धीर टिकावा म्हणून ग्रुशी आल्याची आवई उठवण्यात आली. हे अज्ञान मेजावर कसे आणायचे यावर नाना उपाय निघाले आहेत. काही खेळांत प्रशियनांची आघाडी फाशांवर लवकर किंवा उशिरा येते, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे, कारण प्रशियन सेनापती ब्यूलोच्या सैन्याला वाव्र गावातल्या आगीमुळे खोळंबावे लागले होते. काही ठिकाणी उंचवट्यामागच्या पलटणींऐवजी कोरे पुठ्ठे ठेवतात, आणि त्यांतले काही मुद्दाम फसवे, म्हणजे पलटणीविना असतात. पंचाने दोन्ही पक्षांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून फक्त चिठ्ठ्यांवर खेळवणे, हा प्रशियन वळणाचा उपाय सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल. त्यात शेकडो रंगवलेल्या मूर्तींकडे पाहण्याचे सुख खेळाडूंना मिळत नाही, आणि म्हणूनच तो फारसा लोकप्रिय झाला नाही.

उशिरा सुरुवात करण्याचा नेपोलियनचा निर्णयही असाच खेळून पाहिला जातो. चिखलात तोफा हलत नव्हत्या आणि गोळे उसळी न घेता जमिनीत रुतत होते, म्हणून जमीन वाळण्याची वाट पाहिली गेली. सकाळी नऊला सुरुवात करू देणाऱ्या खेळात फ्रेंचांना पाच जादा फेऱ्या मिळतात, पण त्या फेऱ्यांत त्यांच्या तोफांचा मारा घटवलेला असतो. हा सौदा फायद्याचा ठरतो की नाही हे नियम लिहिणाऱ्याने चिखलाला किती गुण दिले यावर अवलंबून असते. अशा खेळाच्या निकालातून इतिहासाबद्दल ठाम अनुमाने काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

या खेळाचा भव्य प्रयोग जून २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या पुढाकाराने झाला. २८ मिलिमीटरच्या वीस हजारांहून अधिक मूर्ती त्यासाठी जमवण्यात आल्या. माजी सैनिकांना सोबत घेऊन वॉटर्लूच्या रणभूमीवर उत्खनन करणाऱ्या ‘वॉटर्लू अनकव्हर्ड’ या संस्थेसाठी त्यातून निधी उभा करण्यात आला.

मराठी वाचकाच्या ओळखीचा धागा वेलिंग्टनचाच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी लढला तो आर्थर वेलस्ली हाच, आणि उतारवयात आपल्या सर्वोत्तम कामगिरीत त्याने असईचे नाव घेतल्याचे सांगतात. ही लढाईही मेजावर खेळली जाते. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखाना नियमांत जसा उतरायला हवा तसा उतरला नाही, तर वेलस्लीच्या खेळाडूला डाव फार सोपा जातो.

वॉटर्लूच्या खेळात विजय कशाला म्हणायचे हे आधी ठरवून घेतात. उरलेल्या सैनिकांची संख्या मोजून निकाल लावला, तर दोन्ही बाजू राखीव पलटणी जपत बसतात आणि नेपोलियनचे निवडक राखीव दळ इम्पीरियल गार्ड पेटीतून बाहेरच निघत नाही. त्यामुळे ला ए सेंतच्या मागचा चौरस्ता अंधार पडण्यापूर्वी फ्रेंचांच्या ताब्यात असला तर त्यांचा विजय, नाहीतर वेलिंग्टनचा, अशी अट पुष्कळ ठिकाणी घालतात. प्रशियन खेळाडूचे गुण स्वतंत्र मोजतात आणि त्याला प्लांसन्वा घ्यावेच लागते. अर्धा दिवस हाताची घडी घालून बसलेल्या त्या खेळाडूच्या चहाफराळाची जबाबदारी बहुतेक मंडळांत यजमानाकडे असते.