कंपनीच्या फोनवर शेवटचा सिक्युरिटी पॅच कधीचा आहे?

उद्यमबाग, मच्छे, शहापूर, खानापूर, निपाणी इथल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मशीन शॉप असो, साड्यांचं दुकान असो की तंबाखूची वखार, कंपनीच्या नावावर घेतलेला एक तरी मोबाईल आता सगळीकडे असतो. बहुतेक ठिकाणी तो डिस्पॅचच्या टेबलावर पडलेला असतो. ड्रॉइंग त्यावर येतात, टेंपोवाल्याला पत्ता त्यावरून जातो, ई-वे बिलाच्या लॉगिनचा ओटीपी त्यावर पडतो, आणि पुष्कळदा बँकेत नोंदवलेला नंबरही तोच असतो. दिवसभरात चार माणसं तो हाताळतात. कॉम्प्युटरला अँटिव्हायरस असतो, टॅलीला पासवर्ड असतो, या फोनची मात्र कुणी विचारपूस करत नाही.

वाचता वाचताच एक काम करा. तो फोन मागवून घ्या. सेटिंग्जमध्ये, बहुतेक फोनवर अगदी तळाशी, ‘अबाउट फोन’ आहे. त्यात ‘अँड्रॉइड व्हर्जन’ किंवा ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’ उघडलं की ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ किंवा ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ अशी ओळ दिसेल आणि तिथे एक तारीख असेल. ती गेल्या दोन-तीन महिन्यांतली असेल तर ठीक आहे. त्याहून जुनी असेल तर ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्ये जाऊन नवीन काही आलंय का बघा, आणि आलं असेल तर आज रात्री फोन चार्जिंगला लावून ते घालून टाका. तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल आणि नवीन काही येतच नसेल, तर त्या फोनची सुरक्षा तो बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच सोडून दिली आहे. त्यावर बँक आणि जीएसटीचं काम ठेवू नका. गाणी ऐकायला, कॅमेऱ्याला तो चालेल.

तारखेला एवढं महत्त्व का? फाउंड्रीवाल्यांना हे पटकन समजेल. कास्टिंग बाहेरून गुळगुळीत दिसतं, आतली ब्लोहोल मशीनिंगला घेतल्यावरच कळते. फोनच्या सॉफ्टवेअरमध्येही अशा पोकळ्या राहून जातात. गूगल २०१५ पासून त्या बुजवणारे पॅच नियमितपणे काढतं. पण पॅच निघाला की पोकळी नेमकी कुठे होती हेही जगजाहीर होतं. ज्यांनी पॅच घातला नाही त्यांच्या फोनमध्ये कुठून शिरायचं, हे चोराला तेव्हापासून आयतं माहीत असतं.

पेगॅससचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर २०१९ मध्ये नुसत्या व्हॉट्सअ‍ॅप कॉलमधून फोनमध्ये शिरत होतं, कॉल उचलायचीही गरज नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपने त्या मे महिन्यात दुरुस्ती केली. आयफोनवरची अशीच एक वाट अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १४.८ देऊन बंद केली. सॅमसंगच्या काही गॅलेक्सी फोनमध्ये नुसत्या फोटोच्या फाइलमधून शिरता येत होतं, ते एप्रिल २०२५ च्या पॅचने थांबलं. ही महागडी हत्यारं पत्रकार, वकील, राजकारणी यांच्यावर वापरली जातात. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यावर कुणी ती खर्च करेल असं आम्हाला वाटत नाही. तरीही तिन्ही वेळी उपाय एकच होता, आलेला अपडेट लगेच घालणं. तो फुकट आहे.

आपल्या भागात धोका येतो तो वेगळ्याच वाटेने. केए २२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी आठवड्यातून चार वेळा सीमेवरचं कोगनोळी ओलांडून कोल्हापूरकडे जाते. चलान कर्नाटकातूनही येतं, महाराष्ट्रातूनही येतं, आणि कुठलं खरं हे तपासायला कुणाला वेळ नसतो. अशात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ ई-चलान’ नावाची फाइल येते. ड्रायव्हर म्हणतो, “मालक, चलान आलंय बघा,” आणि डिस्पॅचवाला ती उघडतो. फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट आणि एपीके ही तीन अक्षरं असतात. हा कागद नव्हे, फोनमध्ये बसणारं अ‍ॅप आहे. लग्नसराईत हेच अ‍ॅप लग्नपत्रिका बनून येतं, एरवी वीजबिल किंवा बँकेचं केवायसी बनून.

अ‍ॅप बसताना मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराकडे पोचतो. मग ते तुमच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना स्वतःची फाइल पाठवतं. त्यामुळे पुढच्या माणसाला ती ओळखीच्या नंबरावरून, खुद्द तुमच्याकडूनच आल्यासारखी दिसते. ‘ओळखीच्या माणसाने पाठवलंय’ या भरवशावर कुठलीही एपीके उघडू नये, सख्ख्या भावाने पाठवली असली तरी. चलान आलंय का ते परिवहन खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून बघता येतं.

आपल्याकडे भाषेचीही एक अडचण आहे. फसवा मेसेज कधी कन्नडमध्ये येतो, कधी मराठीत, कधी मोडक्या हिंदीत. कन्नड बोलता येणाऱ्या पण वाचताना अडखळणाऱ्या मराठी कामगाराला त्यातल्या चुका दिसत नाहीत. कन्नडमध्ये आहे म्हणजे सरकारी असणार, असं धरून तो ‘ओके’ दाबतो. उलट बाजूने कन्नड मुलांचंही मराठी मेसेजच्या बाबतीत तेच होतं. वाचता न येणाऱ्या मेसेजवर बोट ठेवण्याआधी शेजारच्याकडून वाचून घ्या, एवढा नियम कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवा.

सेटिंग्जमध्ये दोन ठिकाणं आवर्जून तपासा. वरच्या शोधपट्टीत ‘अननोन अ‍ॅप्स’ टाइप केलं की ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ ही यादी येते. त्यात व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल्स यांच्यापुढचं बटण बंद करा. म्हणजे एपीकेवर चुकून बोट पडलं तरी ती बसायच्या आधी फोन अडवेल. दुसरं ठिकाण ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’. ज्यांना नीट दिसत नाही त्यांना स्क्रीन वाचून दाखवायला ही सोय आहे, पण ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. तिथे अनोळखी नावाचं अ‍ॅप चालू दिसलं तर ते आधी बंद करा आणि मग आम्हाला फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ही अधूनमधून बघत जा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा लॅपटॉप कधीकधी तिथे अजून जोडलेला असतो.

आमचं एक आग्रहाचं सांगणं आहे. बँकेच्या ओटीपीचं सिम डिस्पॅचच्या फोनमधून काढा. साधा बटणांचा फोन घ्या, सिम त्यात घाला आणि तो मालकाजवळ किंवा हिशेब बघणाऱ्याजवळ राहू द्या. त्यात व्हॉट्सअ‍ॅप नाही, एपीके नाही. पाच-सहा फोन असतील तर कामाची अ‍ॅप वेगळ्या ‘वर्क प्रोफाइल’मध्ये ठेवता येतात आणि माणूस सोडून गेला की तेवढाच भाग पुसता येतो. ते आम्ही बसवून देतो.

नवा फोन घेताना कॅमेऱ्याआधी एक विचारा, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं? गॅलेक्सी एस२४ आणि पिक्सेल ८ पासून त्या मालिकांना सात वर्षं मिळतात. बहुतेक स्वस्त फोनला त्याहून कमी मिळतात. सेकंडहँड फोनची मुदत तो बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही घेतल्यापासून नव्हे.

कामगारांच्या फोनवर गुपचूप नजर ठेवणारं अ‍ॅप बसवून द्या, अशी मागणी काही ग्राहक करतात. ते आम्ही बसवत नाही. तेही स्पायवेअरच आहे, आणि अशा अ‍ॅप बनवणाऱ्यांकडची माहिती याआधी अनेकदा बाहेर फुटलेली आहे. गाडीचं लोकेशन हवं असेल तर ड्रायव्हरला सांगून, त्याची लेखी संमती घेऊन कंपनीच्या फोनवर उघडपणे चालू करू.

एपीके उघडली गेलीच तर पहिल्या अर्ध्या तासाला किंमत आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले तरच परत मिळण्याची आशा असते. हीच तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही करता येते. ज्याने फाइल उघडली त्याच्यावर ओरडत बसू नका. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी दुपारपर्यंत सांगणार नाही. ती फाइल आणि मेसेज पुसू नका, पोलिसांना लागतात. तक्रार झाल्यावर फोन फॅक्टरी रीसेट करायचा, आणि पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदलायचे.

तपासणीसाठी फोन आमच्याकडे पाठवताना सिम काढून ठेवा आणि पॅटर्न कागदावर लिहून पाठवू नका. फोन रोज वापरणाऱ्यालाच सोबत पाठवा. लॉक तोच उघडेल, आणि कुठलं अ‍ॅप कधी बसवलं हे मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.